साध्या पाण्याचे चार चमचे

पहिल्या दिवशी मला काम दिलंच नाही. मावशींनी मला खाटेवर झोपवलं.

विरारहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एक गल्ली आत वळते. तिच्या टोकाला म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी एक केंद्र आहे. दोन मजले, बावीस खाटा. पूर्वी तिथे केळीची वाडी होती. मागच्या अंगाला विहीर आणि दहाबारा केळी अजून आहेत. तिथे येणारं माणूस बरं होऊन घरी जायला आलेलं नसतं. घरात उचलणारं कोणी नसतं, किंवा असलं तरी त्याची पाठ गेलेली असते, म्हणून ते इथे येतं आणि बहुतेक वेळा शेवटपर्यंत इथेच राहतं. मी तिथे मदतनीस म्हणून लागले होते.

मावशी उमेळ्याच्या. तिथल्या सगळ्या कामवाल्या बायकांत त्या जुन्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने काडी, पण ऐंशी किलोचा माणूस एकट्याने कुशीवर वळवायच्या.

"झोप," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तूच. हात अंगाशी ठेव. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही."

मला वाटलं, नव्या बाईची थट्टा चाललीये. मी हसत आडवी झाले. पाच मिनिटांत हसू गेलं. टाचेखाली चादरीची एक सुरकुती होती, ती दोरीसारखी टोचायला लागली. माकडहाडाजवळ आग व्हायला लागली. येणारीजाणारी माणसं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होती आणि मला फक्त त्यांच्या हनुवट्या दिसत होत्या. अर्ध्या तासाने मावशी वरणभाताची वाटी घेऊन आल्या. मला तशीच आडवी ठेवून त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि तो गिळायच्या आत दुसरा. मला ठसका लागला. मी धडपडत उठून बसले.

"तू उठून बसलीस," मावशी वाटी बाजूला ठेवत म्हणाल्या. "त्यांना उठता येत नाही. एवढं समजलं तरी आजचं काम झालं. जा, हात धू."

त्याआधी अकरा वर्षं मी वालीवला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. यंत्रातून झाकणं पडायची, आम्ही बायका वाईट ती वेचून बाजूला टाकायचो आणि चांगली खोक्यात भरायचो. कारखाना गुजरातला गेला, यंत्रंही गेली, आम्ही राहिलो. विरारच्या आमच्या इमारतीतल्या एका बाईने या केंद्रातल्या जागेचं सांगितलं. घरी मी ते बोलून दाखवलं तेव्हा नवरा वायरिंगचं सामान पिशवीत भरत होता. तो थांबला आणि म्हणाला, "परक्या माणसांचं हगणंमुतणं काढणार तू?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. मी म्हटलं, सासूबाईंचं शेवटचं वर्षभर काढलंच की. तो पुन्हा सामान भरायला लागला. माझा तेव्हा खरंच समज होता की मला हे काम येतं.

ते काही येत नव्हतं. घरच्या माणसाचं करताना आपण रागावतो, रडतो, पुन्हा जवळ घेतो. त्यात एक सैलपणा असतो. परक्या माणसाच्या उघड्या अंगाजवळ उभं राहिल्यावर आपले हात कुठे ठेवायचे, इथपासून शिकावं लागतं.

मला पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या, खिडकीजवळच्या खाटेवरचे बाबा दिले. ते अर्नाळ्याचे. चाळीस वर्षं समुद्रावर गेलेले, स्वतःच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे सगळे खलाशी ज्याच्या शब्दावर चालतात तो माणूस. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. चारसहा शब्द तेवढे उरले होते, तेही हवे तेव्हा सापडायचे नाहीत. अंग मात्र अजून मोठं होतं. डाव्या पंजाची पकड अशी की एकदा त्यांनी माझं मनगट धरलं तर सोडवायला मावशींना यावं लागलं.

मी पहिल्यांदा त्यांचं अंग पुसायला घेतलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, झोपले. मी भराभर पुसायला लागले. मिटलेल्या डोळ्यातून पाणी निघून कानाकडे चाललेलं दिसलं तेव्हा माझा हात थांबला. मी मावशींना हाक मारली.

मावशींनी आधी त्यांच्या कमरेवर चादर ओढली. "एवढा मोठा माणूस उघडा टाकून कशी पुसतेस? जेवढं पुसायचं तेवढंच उघडं कर. आणि बोलत राहा. आता हात धुते, आता पाठ पुसते, पाणी कोमट आहे, असं. त्यांना आधी कळू दे, मग हात लाव."

"त्यांना समजतं?"

"तुला काय वाटतं, लाजेने कोण रडतं? न समजणारा?"

त्या दिवसापासून मी बोलायला लागले. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं, आपण भिंतीशी बोलतोय असं वाटायचं. हळूहळू बाबा डोळे उघडे ठेवायला लागले. मी "आता कूस" म्हटलं की डाव्या हाताने खाटेची दांडी धरून स्वतःच अंग ओढायचे. जेवढं जमेल तेवढं. त्यांच्याकडून मी कूस बदलणं शिकले असं म्हटलं तरी चालेल.

दुपारी अडीचच्या सुमारास त्यांची बायको यायची. आम्ही सगळे तिला बाय म्हणायचो. सकाळपासून बाजारात मासे विकून ती थेट तिथे यायची. पाटी बाहेर विहिरीजवळ ठेवायची, नळावर कोपरापर्यंत हात धुवायची, कमरेच्या पिशवीतून अर्धं लिंबू काढून बोटांना चोळायची, पुन्हा धुवायची आणि मग आत यायची. खाटेशेजारी स्टुलावर बसून ती त्यांना आज कोणाच्या होडीला काय लागलं ते सांगायची. बोंबील किती आले, कोणाचं जाळं फाटलं, कोणाचा खलाशी पळून गेला. बाबा मान हलवायचे. कधी एखाद्या नावावर डाव्या हाताने नाही-नाही करायचे, म्हणजे तो माणूस खोटं बोलतोय, एवढे मासे त्याला मिळणं शक्य नाही. बाय हसून म्हणायची, "ते मना पन ठावक हाय."

बाबांच्या खाटेच्या वर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, साधं पाणी देऊ नये. त्यांचा घसा नीट चालत नव्हता. दाट अन्न जेमतेम जायचं, पण पातळ काहीही दिलं की ते अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासाच्या वाटेने फुप्फुसात उतरायचा धोका होता. म्हणून पाण्यात एक पावडर घालून ते पेजेसारखं दाट करायचं आणि चमच्याने भरवायचं. केंद्राच्या मुख्य नर्सने, म्हणजे आमच्या सिस्टरने, मला ते दोनदा करून दाखवलं होतं. सिस्टर केरळची, पण वीस वर्षं वसईत काढलेली. तिचं मराठी तुटक होतं आणि स्पष्ट होतं. "पाणी पातळ, माणूस खलास," ती म्हणाली होती.

बाबांना ते दाट पाणी अजिबात आवडायचं नाही. पहिला चमचा घ्यायचे, दुसरा थुंकायचे. मी एकदा ते चाखून पाहिलं. चव नव्हती, पण जिभेवर बुळबुळीत थर बसला आणि तहान होती तशीच राहिली. थुंकून झालं की बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "पानी." त्यांना बायकोचं नाव सांगता यायचं नाही, पण हा शब्द मात्र स्वच्छ निघायचा. मी पेला दाखवायची, हेच पाणी. ते तोंड फिरवायचे.

मी साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली. लहानपणी टँकरची वाट बघत आम्ही भांडी घेऊन रांगेत बसलेले असायचो. आमच्याकडे घरात एकच घागर उरली असली तरी दारात आलेल्याला आई आधी तांब्या द्यायची. आपल्यासमोर माणूस पाणी मागतोय आणि आपण नाही म्हणतोय, हे माझ्या अंगात कुठे बसतच नव्हतं. हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही. मला नियम माहीत होता आणि त्याचं कारणही माहीत होतं.

एप्रिलमधला दिवस होता. नात्यात लग्न होतं म्हणून बाय आली नव्हती. मावशी वरच्या मजल्यावर होत्या. दुपारी दोनच्या सुमारास वीज गेली आणि पंखे थांबले. बाबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. त्यांचे ओठ सुकून पांढरे झाले होते. मी दाट पाणी घेऊन गेले, त्यांनी पेल्यावर हात मारला, ते माझ्या अंगावर सांडलं. मग त्यांनी तोच हात माझ्यापुढे धरला, तळवा वर करून, भीक मागताना धरतात तसा.

"पानी."

माझी बाटली खिडकीत होती. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. मी अर्धा पेला ओतला आणि त्यांच्या ओठांना लावला. ते प्यायले. एकदा बारीक खोकले, मग थांबले, मग उरलेलं प्यायले. मी अजून अर्धा पेला दिला. त्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. उशीवर डोकं टेकताना त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती होती, ती मी त्याआधी तिथे पाहिली नव्हती. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. कागदावर लिहिणाऱ्यांना जे कळत नाही ते मला कळलं, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर आले तेव्हा त्यांची छाती वाजत होती. अंग तापलेलं होतं. बोटाला लावायचं यंत्र लावून सिस्टर आकड्याकडे बघत होती. अकरा वाजता रुग्णवाहिका आली आणि त्यांना घेऊन गेली. स्ट्रेचर दारातून वळवताना चादर मीच नीट केली.

सिस्टरने आम्हा सगळ्यांना विचारलं, "कोणी पातळ दिलं? चहा, पाणी, काही?" सगळ्या नाही म्हणाल्या. मीही नाही म्हणाले. मान हलवली फक्त. त्याला खोटं बोलणं म्हणतात की नाही, यावर मी घरी येऊन बराच वेळ विचार केला, जणू त्याने काही फरक पडणार होता.

तीन दिवस गेले. मी कामावर येत होते, दुसऱ्यांचं करत होते. खिडकीजवळची खाट रिकामी होती. तिथून जाताना मी वाट बदलायची. मावशींनी एकदा विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, पोट बिघडलंय.

चौथ्या दिवशी बाय बाबांचे कपडे न्यायला आली. पाटी नव्हती, बाजारात गेलीच नव्हती. लिंबू चोळायला नळाजवळ थांबली नाही. कपाटातून सदरे काढता काढता ती खाली बसली, फरशीवरच, आणि रडायला लागली. मावशी तिच्याजवळ गेल्या. मी दोन खाटा पलीकडे एका आजींचे केस विंचरत होते. बायचं सगळं बोलणं मला ऐकू येत होतं.

"मीच केलं," ती म्हणत होती. "लग्नाच्या आदल्या दिशी मी डब्यातनं बोंबलाचं कालवन आनलं व्हतं. बोट बुडवून जिभेला लावलं त्यांच्या. त्यांनी परत मागितलं, म्हनून चमचाभर दिलं. डॉक्टर म्हनतात, कायतरी पातळ गेलं छातीत. मीच घातलं. माज्या हातानं."

माझ्या हातात फणी होती. आजींच्या केसांत ती तशीच अडकून राहिली. आजी म्हणाल्या, "ओढू नकोस गं." मी फणी सोडवली, खाली ठेवली आणि बायकडे गेले. मी काय बोलणार हे ठरवलेलं नव्हतं. मी तिच्यासमोर फरशीवर बसले.

"बाय, तुम्ही नाही. मी दिलं. तुम्ही आला नाहीत त्या दुपारी मी त्यांना एक पेला साधं पाणी पाजलं. त्यांनी मागितलं होतं. कालवणाने काही झालं नाही, पाण्याने झालं."

मावशींचा हात तिच्या पाठीवर होता, तो तिथेच थांबला. बायने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"कवा दिलंस?"

"शुक्रवारी."

"आनि आज सांगतेस?"

बाय खाली पडलेले सदरे गोळा करायला लागली.

"पानी मागितलं त्यांनी, तू दिलंस. ते मी समजून घेईन कवातरी. पन चार दिस मी सोताला खात बसले. माज्या सुनेनं मना काय काय बोललं. आनि तू गप बसलीस." ती उठली, सदरे काखेत घेतले. दारात जाऊन ती सिस्टरला म्हणाली, "ते परत आले तर हिला त्यांच्या खाटेजवळ नको."

सिस्टरने मला तिच्या खोलीत नेलं. रजिस्टर पुढे सरकवलं आणि पेन दिलं. "लिही. काय दिलं, किती दिलं, किती वाजता. तुझ्या अक्षरात, मराठीत." मी लिहिलं. लिहिताना एक पेला हे शब्द फार मोठे दिसत होते. संध्याकाळी केंद्र चालवणारे डॉक्टर आले. मी बाहेर बाकावर बसले होते आणि दार नीट लागलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, काढून टाका. सिस्टर म्हणाली, "काढा. मग पुढची बाई काही झालं तर कधी सांगणार नाही मला. इथे सगळ्या बघतात ना, सांगितल्यावर काय होतं."

मला काढलं नाही. महिनाभर कोणालाही भरवायचं नाही, एवढं सांगितलं. मला वरच्या मजल्यावर आणि कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं. घरी नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "सोडणार आहेस का?" मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "मग माहीत होईपर्यंत जा." मी गेले.

नऊ दिवसांनी बाबा परत आले. निम्मे झाले होते. नाकातून पोटात नळी घातली होती, तोंडाने काहीच द्यायचं नव्हतं. त्यांनी ती नळी दोनदा ओढून काढली. मग त्यांच्या चांगल्या हाताला कापडाची पिशवी बांधली, बॉक्सिंगवाल्यांच्या हातमोज्यासारखी, बोटं वापरता येऊ नयेत म्हणून. मी धुतलेल्या चादरी घेऊन जिन्याने उतरायची तेव्हा तो बांधलेला हात दिसायचा. त्याने ते खाटेच्या दांडीवर ठोकत असायचे. ठक, ठक. जवळ जायची मला परवानगी नव्हती आणि धाडसही नव्हतं.

बायच्याने ते बघवलं नाही. एक दिवस ती सिस्टरला म्हणाली, "असं बांधून किती दिस जगवायचं त्यांना? त्यांना इचारलं का कोनी?"

सिस्टरने वसईतून एका मुलीला बोलावलं. गिळण्याचं आणि बोलण्याचं बघणारी थेरपिस्ट. मुलगीच दिसायची, पण तिने बाबांना सरळ बसवलं, गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि तासभर त्यांच्याबरोबर काढला. वेगवेगळ्या दाटपणाचं देऊन बघितलं. दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली. मग तिने बायला, सिस्टरला आणि खुद्द बाबांना समोर बसवून सांगितलं. अन्न दाटच द्यायचं, चमच्याने, हळूहळू. नळी काढू. आणि जेवणाच्या वेळा सोडून दिवसातून काही वेळा साधं पाणी देता येईल, पण चमच्याने, आणि आधी तोंड आतून पूर्ण साफ केल्यावरच. तोंडातली घाण पाण्याबरोबर छातीत गेली की फार त्रास होतो, स्वच्छ तोंडातून थोडं पाणी गेलं तर तुलनेने कमी. धोका संपत नाही, कमी होतो. घरच्यांना हे मान्य हवं.

"तुमाला पायजे?" बायने बाबांना विचारलं.

बाबांनी बांधलेला हात वर केला. बायने तो सोडला आणि कागदावर सही केली.

मग प्रश्न आला, हे करणार कोण. प्रत्येक खेपेला वीसपंचवीस मिनिटं लागणार होती आणि सकाळी बाय बाजारात असायची. सिस्टर मावशींकडे बघत होती. मी जिन्याजवळ चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होते. बायने माझ्याकडे बोट केलं.

"तिला द्या."

"तुम्हीच नको म्हणाला होता," सिस्टर म्हणाली.

"व्हय. आता ती घाबरते. मी बघते ना, खाटेजवळून जाताना अंग चोरून जाते. या कामाला घाबरनारीच पायजे."

थेरपिस्टने मला तीन दिवस शेजारी उभं राहून शिकवलं. आधी खाटेचं डोकं वर करून बाबांना पूर्ण बसतं करायचं, पाठीला उशी, लुळ्या हाताखाली उशी. मग ओला कापूस आणि मऊ ब्रश घेऊन हिरड्या, जीभ, गालांच्या आतली बाजू. त्यांना ते आवडायचं नाही, पण पुढे काय आहे ते माहीत असल्याने ते तोंड उघडायचे. मग हनुवटी छातीकडे. मग अर्धा चमचा पाणी. थांबायचं. गळ्यावरची घाटी वर जाऊन खाली येताना बघायची. "आवाज काढा बाबा," म्हणायचं, आणि आवाज ओला, म्हणजे घशात पाणी गुरगुरल्यासारखा, येतोय की कोरडा ते ऐकायचं. कोरडा आला तर पुढचा अर्धा चमचा. ओला आला तर तिथेच बंद, त्यांनी कितीही मागितलं तरी.

पहिल्या दिवशी चार चमचे गेले. एक चमचा मी त्यांच्या गळपट्टीवर सांडला. बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, घट्ट, पहिल्यासारखंच, आणि चमचा स्वतः तोंडाकडे नेला. पाणी तोंडात घेऊन त्यांनी ते लगेच गिळलं नाही. जिभेवर थोडं फिरवलं. त्या दुपारी दोन घोटांत पेला संपवणारे हेच, हे मला खरं वाटेना. त्या दिवशी मी त्यांना पाणी पाजलं नव्हतं, ओतलं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून ओतलं, आणि मला बरं वाटावं म्हणूनही. त्यांचा घसा काय म्हणतोय ते मी विचारलंच नव्हतं. नाही म्हणणं हे निर्दयपणाचं आणि हो म्हणणं हे दयेचं, एवढंच मला ठाऊक होतं. या दोन्हीच्या मधे तोंड धुण्याचं, सरळ बसवण्याचं, थांबून ऐकण्याचं एवढं काम असतं, हे मला त्या चमच्याने शिकवलं.

काही दिवस ओला आवाज यायचा आणि मी चमचा खाली ठेवायची. ते रागवायचे, शिवी द्यायचे. शिव्या त्यांना चांगल्या आठवत होत्या. मी म्हणायची, "द्या बाबा शिव्या, पाण्याचं संध्याकाळी बघू." शिव्या संपल्या की ते खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मी त्यांच्या पायाला तेल लावायची.

बाय माझ्याशी कामापुरतंच बोलायची. "किती गेले आज?" "सहा." "खोकले?" "एकदाच." एवढंच. पुढे पुढे ती होड्यांच्या गोष्टी सांगताना मला स्टूल सरकवून द्यायला लागली. मी बसायची. मला त्यातली निम्मी माणसं तोंडपाठ झाली.

बाबा असे सहा महिने राहिले. दिवाळीनंतर त्यांची छाती पुन्हा भरली. ताप आला. या वेळी बायने रुग्णालयाला नको म्हटलं. डॉक्टरांनी तिला दोनदा समजावून सांगितलं, ती दोनदा नको म्हणाली. ऑक्सिजन लावला, ताप उतरायचं औषध दिलं, आणि ती स्टुलावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी, ती त्यांना बंदरावरचं काहीतरी सांगत असताना, ते गेले. ती वाक्य पूर्ण करून थांबली.

छाती का भरली, ते कोणालाच सांगता आलं नाही. जेवणातलं काही गेलं असेल, त्यांचीच लाळ गेली असेल, किंवा माझ्या चमच्यातलं पाणी. मी सिस्टरला विचारलं. तिने खोटं सांगितलं नाही. "असू शकतं," ती म्हणाली. "नसू पण शकतं." मी रजिस्टर उघडून शेवटच्या दहा दिवसांच्या नोंदी वाचल्या. सगळीकडे कोरडा आवाज लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. मी नीट ऐकलं होतं का, हा प्रश्न अजून मधूनच येतो. त्याला उत्तर नाही आणि ते मिळेल असं आता वाटत नाही. तो घेऊनच मी पुढच्या माणसाला भरवते, आणि कदाचित त्यामुळे थोडा जास्त वेळ थांबते.

त्यांची शेवटची आंघोळ बाय, मावशी आणि मी, तिघींनी मिळून घातली. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं करून. मी सवयीने बोलून गेले, "बाबा, आता पाठ." मग माझी मलाच लाज वाटली आणि मी थांबले. बाय म्हणाली, "बोल ना. बोलत राहा." मग मी बोलत राहिले.

बाय निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, "त्या चमच्यांनी काही झालं असेल तर..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "सही मी केली व्हती," ती म्हणाली. "तू तुजं काम केलंस. माजं माज्याकडे राहू दे."

मी त्या कामात अजून आहे. भरवण्याचा विषय निघाला की सिस्टर आता नव्या बायकांना माझ्याकडे पाठवते. पहिल्यांदा मी माझी चूक सांगते, मग चमचा कसा धरायचा ते. सांगताना आवाज कोरडा ठेवायला मला दोन वर्षं लागली.

रविवारी कधी कधी मी बायकडे मासे घ्यायला जाते. तिला माझी निवड पसंत पडत नाही. मी उचललेला मासा ती हातातून काढून घेते आणि दुसरा ठेवते. "हा बघ, डोळा बघ याचा. शिकली नायस अजून." मागच्या वेळी पिशवी बांधून देताना तिने विचारलं, "खिडकीजवळ आता कोन हाय?"

"एक मास्तर आहेत," मी म्हटलं. "पालघरचे. हात थरथरतात, पण बोलतात खूप."

"जेवतात का?"

"हो. वेळ लागतो."

"लागू दे," ती म्हणाली, आणि पाठीमागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पुढे यायची खूण केली.